नाझी अंमलातलं पॅरिस: माहितीपटातले 'गात राहिलेले' कलावंत

तिसरी_घंटा
जर्मन ताब्यातल्या पॅरिसच्या (जून १९४० ते ऑगस्ट १९४४) नट-गायक-चित्रकारांवरचा माहितीपट लावला की पहिल्या दहा मिनिटांत काय येणार हे एव्हाना तोंडपाठ झालंय. आयफेल टॉवरपुढे हिटलर, रिव्होली रस्त्यावर स्वस्तिकाचे झेंडे, कॅबरेत हसणारे गणवेशवाले, गायक-नट मोरिस शेव्हालिएची तिरकी टोपी, बर्लिनला निघालेल्या नटनट्यांचा रेल्वे फलाट. मग निवेदक आवाज खाली आणून विचारतो, 'ते का गात राहिले?' आणि पुढचा दीड तास माणसांची वाटणी: हा फितूर, तो शूर, बाकीचे बोटचेपे.

एकाच माहितीपटाचं नाव मुद्दाम घेत नाही, तक्रार बहुतेकांबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच की चेहरे कमी आणि कागद जास्त दाखवा. पडदा वर जायला सही कुणाची लागायची, कच्ची फिल्म कोण द्यायचं, पगार कुठून निघायचा. हे कळलं की निम्मे निवाडे बदलतात. जाणकारांनी भर घालावी. शिवाय या जुन्या फितींतलं खरं-खोटं ओळखायचं कसं, तेही सांगा.

रिळेश्वर
सिनेमापुरतं सांगतो. दोन वेगळ्या वाटा होत्या आणि माहितीपट त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिली वाट फ्रेंच निर्मात्यांची. १९४० च्या अखेरीस जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारने सिनेमा उद्योगासाठी एक संघटन समिती नेमली. तिच्याकडून व्यवसायाचं ओळखपत्र मिळाल्याशिवाय सेटवर पाऊल ठेवता येत नव्हतं. ३ ऑक्टोबर १९४० च्या ज्यूविरोधी कायद्यानंतर ज्यूंना हे ओळखपत्र मिळणं बंदच. त्यानंतर संहितेला मंजुरी, फिल्मचा कोटा, विजेचा कोटा, खिळ्या-लाकडाचा कोटा. कुठेही अडकलात की चित्रीकरण बंद.

दुसरी वाट कॉन्टिनेंटल फिल्म्स. कंपनी कागदोपत्री फ्रेंच, पैसा जर्मन, प्रमुख आल्फ्रेड ग्रेव्हेन, वरचा हात हिटलरच्या प्रचारमंत्र्याचा, गोबेल्सचा. हिचे चित्रपट व्हिशीच्या सेन्सॉरकडे जातच नसत. फिल्म आणि कोळसा हिला आधी. १९४१ ते १९४४ मध्ये ३० चित्रपट काढले. त्या चार वर्षांत फ्रान्समध्ये सगळे मिळून सुमारे २२० कथापट झाले, त्यातले हे ३०. दिग्दर्शक, नट, तंत्रज्ञ सगळे फ्रेंच. आणि विषय? रहस्यकथा, प्रहसनं, झोलाच्या कादंबऱ्या. प्रचार जवळपास नाहीच. ग्रेव्हेनला धंदा करायचा होता.

आता गंमत बघा. प्रतिकार चळवळीतला, कम्युनिस्ट आणि वडिलांकडून ज्यू असलेला ज्याँ-पॉल ल शानवा याच कॉन्टिनेंटलसाठी पटकथा लिहीत होता. मोरिस तुर्नरने १९४३ साली केलेल्या 'सैतानाचा हात' या चित्रपटाची पटकथा त्याची. त्याला कुठल्या खणात टाकणार?

शंकासुर
खण कशाला हवेत, पर्याय होताच की. नट ज्याँ गाबँ १९४१ मध्ये अमेरिकेला गेला, पुढे द गॉलच्या फ्री फ्रेंचांच्या रणगाडा तुकडीत लढला. दिग्दर्शक ज्याँ रन्वार गेला. गायिका-नर्तिका जोसेफिन बेकरने पॅरिसमध्ये जर्मनांसमोर गायला नकार दिला आणि गाण्याच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली टिपणं लिस्बनला पोचवली. ज्यांना नाही म्हणायचं होतं त्यांनी म्हटलं. बाकीचं सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे.

बुकिंग_खिडकी
@शंकासुर, तिन्ही नावं अशी घेतलीत ज्यांना बाहेर मागणी होती. पडदा ओढणारा, दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला, कपडेपटाची बाई, यांना हॉलिवूड बोलावत नव्हतं. माहितीपटात हे दिसत नाहीत कारण त्यांच्यावर कुणी कॅमेरा रोखला नाही.

नाटकाची बाजू सांगते. संहिता शाँझेलिझेवरच्या प्रोपागांडा श्टाफेलच्या, म्हणजे जर्मन प्रचार-सेन्सॉर खात्याच्या कचेरीत जायची. व्यवस्थापक आणि नट ज्यू नाहीत याची हमी लागायची. साहित्याच्या बाबतीत आधीच 'ओटो यादी' निघाली होती, सप्टेंबर १९४० च्या पहिल्या यादीत हजारावर पुस्तकं बाद. जुन्या काळची नटी सारा बर्नहार्ट ज्यू म्हणून तिच्या नावाच्या थिएटरचं नाव बदलून 'थेआत्र द ला सिते' केलं, आणि त्याच थिएटरात जून १९४३ मध्ये शार्ल द्युलाँने सार्त्रचं 'माश्या' उभं केलं. जुलमी राजाविरुद्धचं नाटक, पण वेष ग्रीक. जर्मन सेन्सॉरने परवानगी दिली.

वेळेचं गणित वेगळंच. जून १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिसची घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनला जुळवली. कर्फ्यू साधारण मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत, आणि कुठे जर्मन सैनिकावर हल्ला झाला की शिक्षा म्हणून अलीकडे ओढला जायचा. म्हणजे प्रयोग अशा बेताने संपवायचा की प्रेक्षकाला शेवटची मेट्रो मिळेल. चुकली तर रात्र पोलीस चौकीत. मध्यंतर छोटं, पडदे पटापट. १९४४ मध्ये वीज तुटायला लागली तेव्हा प्रयोग दुपारी, मिळेल त्या उजेडात.

पोहे_आणि_पटकथा
तिसऱ्या अंकात 'मेट्रो निघाली' म्हणून उठणारे प्रेक्षक म्हणजे आपले डोंबिवली लोकलवाले. यावर तरी युरोपशी साम्य सापडलं. 😄

सुधीर_मुखवटे
ग्रीक वेषावरून कीचकवध आठवणारच. खाडिलकरांचं १९०७ चं नाटक, कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं, सरकारला कळायला जरा वेळ लागला आणि १९१० मध्ये बंदी आली. महाभारतातली गोष्ट बंद कशी करणार, हीच तर सोय. पॅरिसमध्ये फेब्रुवारी १९४४ ला आलेल्या नाटककार आनुईच्या 'अँटिगनी'चं तेच. फरक एवढाच की कीचकाच्या बाजूने कुणी टाळी वाजवली नाही. अँटिगनीला दोन्ही बाजूंनी मिळाली: एकाला राजाला दिलेला तिचा हट्टी नकार दिसला, दुसऱ्याला त्या राजाचा, क्रेऑनचा, व्यवहारी राज्यकारभार दिसला.

शंकासुर
म्हणजे आनुईने दोन्ही दगडांवर पाय ठेवले. हेच तर म्हणतोय.

सुधीर_मुखवटे
किंवा सेन्सॉरपुढे ठेवता येईल असं एकच नाटक लिहिलं. खाडिलकरांनी प्रस्तावनेत 'कीचक म्हणजे अमुक साहेब' असं छापलं होतं का?

रिळेश्वर
जुन्या फितींचा प्रश्न राहिला होता, तिकडे वळतो.

पहिली खूण आवाज. त्या काळचे वार्तापट बहुतांशी मुक्या कॅमेऱ्याने टिपलेले असायचे. निवेदन, संगीत, टाळ्या नंतर चढवल्या जात. म्हणून कॅबरेच्या तुकड्यात वाद्यवृंदाचे हात बघा. गिटारवाल्याचा हात खाली जातोय तेव्हा ठोका ऐकू येतोय का? येत नसेल तर ते गाणं त्या रात्रीचं नाही. टाळ्या तर सरळ गोदामातल्या. एकाच लयीत सुरू होऊन एकाच लयीत थांबणारा कडकडाट दोन वेगळ्या प्रसंगांना लावलेला असतो.

दुसरी खूण फितीचा मालक. ताब्यातल्या भागात १९४० च्या ऑगस्टपासून जर्मनांचा 'आक्तुआलिते माँदियाल' हा वार्तापट चालायचा, १९४२ च्या ऑगस्टपासून 'फ्रान्स-आक्तुआलिते'. माहितीपटातल्या 'नेहमीच्या पॅरिस'चं बरंचसं दर्शन यांतलंच, म्हणजे प्रचारखात्याने निवडलेलं. गजबजलेली कॉफीहाऊसं दाखवणं हा त्यांचा उद्देशच होता. निवेदकाने ते 'बघा, पॅरिस मजेत होतं' म्हणून वापरलं की गोबेल्सचं काम फुकटात झालं.

आणि हे वार्तापट प्रेक्षक कसे बघत? शिट्ट्या, खोकले, हुर्यो. इतकं झालं की हुकूम निघाला, वार्तापट चालू असताना सभागृहातले दिवे अर्धे चालू ठेवायचे, म्हणजे ओरडणारा दिसेल. मग लोक उजेडात वर्तमानपत्र उघडून वाचायला लागले. पडद्यावरचं चित्र सगळे माहितीपट वापरतात, हा अर्धा उजेड कुणी दाखवत नाही. दाखवणार कुठून, त्याची फीत नाही.

तिसरी खूण तारखेची. कोटावर पिवळा तारा दिसला तर ते चित्रण ७ जून १९४२ नंतरचं, त्या दिवसापासून तो ज्यूंना सक्तीचा झाला. ८ जुलै १९४२ च्या जर्मन फर्मानाने ज्यूंना नाट्यगृह, सिनेमागृह, संगीतसभा सगळं बंद. म्हणजे त्यानंतरच्या 'तुडुंब भरलेल्या' सभागृहात कोण नव्हतं हे फीत सांगत नाही, फर्मान सांगतं.

छायाप्रकाश
रंगीत छायाचित्रांबद्दल जोडतो, कारण हल्ली ती फार वापरतात. आंद्रे झुकाने पॅरिसचे रंगीत फोटो काढले ते 'सिग्नल' या जर्मन मासिकाच्या कामावर असताना. रंगीत आग्फा फिल्म त्याच्यामुळेच हाती आली, सामान्य फ्रेंच छायाचित्रकाराला ती स्वप्नातही मिळत नव्हती. ही फिल्म अतिशय मंद. ढग आले, संध्याकाळ झाली की हलत्या माणसांचे फोटो धूसर. म्हणून झुका भर उन्हात बाहेर पडायचा. परिणाम काय, तर चार वर्षं पॅरिसमध्ये रोज ऊन, बायकांच्या रंगीत टोप्या, लाल झेंडे. रांगा, थंडी, अंधारे जिने या फिल्मवर उमटूच शकत नव्हते.

२००८ मध्ये पॅरिस महापालिकेच्या ऐतिहासिक ग्रंथालयात यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा यावरूनच गदारोळ झाला. फोटो कुणासाठी काढले ते ठळकपणे लिहिलं नव्हतं. मग खुलाशाचा कागद वाटावा लागला. माहितीपटवाले तोच फोटो घेऊन त्यावर हळू झूम करतात आणि खाली अकॉर्डियन वाजवतात.

बुकिंग_खिडकी
अकॉर्डियनवर कायमची बंदी घालावी या ठरावाला अनुमोदन.

अवलिया_४२०
व्हेल द'हिव्हचं उदाहरण इथे आलंच पाहिजे. सायकल शर्यती, मुष्टियुद्ध, तमाशे चालणारं बंदिस्त मैदान, म्हणजे मनोरंजनाचीच जागा. १६-१७ जुलै १९४२ ला फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ ज्यू पकडले आणि त्यातल्या मुलाबाळांसकटच्या कुटुंबांना तिथे कोंडलं. अनेक वर्षं पुस्तकांत आणि चित्रपटांत त्याचा म्हणून जो आतला फोटो वापरला जायचा, तो प्रत्यक्षात १९४४ चा निघाला. मुक्तीनंतर त्याच मैदानात डांबलेल्या नाझीधार्जिण्या संशयितांचा. म्हणजे छळणाऱ्यांच्या बाजूचे लोक बळी म्हणून दाखवले गेले. इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्डने ही चूक उघड केली. खरा ज्ञात फोटो एकच, तोही बाहेरून, उभ्या असलेल्या बसगाड्यांचा.

उलट बाजूही आहे. आलाँ रेनेच्या १९५५-५६ च्या छळछावण्यांवरच्या लघुपटात फ्रान्समधल्याच पितिव्हिए छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. सेन्सॉरने हट्ट धरला, तेव्हा त्या चित्रावर एक तुळई रंगवून टोपी झाकली. १९९७ मध्ये ती पुन्हा उघडी झाली. फीत खोटी नव्हती, फक्त एका टोपीइतकी कमी होती.

शंकासुर
हे मात्र मानलं.

गोदूताई
सगळ्यांचे प्रतिसाद उत्तम. पण शेव्हालिए आणि गायिका एदित पियाफबद्दल कुणी स्पष्ट बोलेल का? दोघंही फ्रेंच युद्धकैद्यांसाठी गायला जर्मनीत गेली. एकाला शिव्या, दुसरीला देवत्व, असं का?

रिळेश्वर
शेव्हालिए १९४१ च्या अखेरीस आल्टेनग्राबोच्या छावणीत गायला. पहिल्या महायुद्धात तो स्वतः तिथेच युद्धकैदी होता. मोबदल्यात पॅरिसमधल्या त्याच्या मोहल्ल्यातल्या दहा कैद्यांची सुटका मागितली. पण प्रचारखात्याने बातमी अशी फिरवली की जणू जर्मनीचा दौराच केला. मार्सेल ओफ्युल्सच्या १९६९ च्या क्लेरमाँ-फेराँ या फ्रेंच शहरावरच्या मोठ्या माहितीपटात त्याचा खुलाशाचा जुना तुकडा आहे, कॅमेऱ्यात बघत इंग्रजीत हसतमुखाने सांगतोय की फक्त कैद्यांसाठी गायलो. त्या माहितीपटाचं नशीबही बघा, फ्रेंच टीव्हीने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही.

पियाफ १९४३ आणि १९४४ मध्ये गेली. तिची बाजू अशी सांगितली जाते: कैद्यांबरोबर गटाने फोटो काढायचे, पॅरिसला परतल्यावर त्यातले चेहरे मोठे करून खोट्या ओळखपत्रांवर लावायचे, पुढच्या फेरीत कागद आत पोचवायचे. तिची सचिव आंद्रे बिगार प्रतिकार चळवळीत होती, तिची साक्ष पियाफच्या उपयोगी पडली. किती कैदी यामुळे सुटले याचे आकडे प्रत्येक चरित्रात वेगळे असतात. एखाद्या माहितीपटाने छातीठोक आकडा सांगितला की कान टवकारा.

कोकणस्थ_कार्ने
अहो, दिग्दर्शक मार्सेल कार्नेच्या 'लेझाँफाँ द्यु पारादी' या चित्रपटाशिवाय हा धागा संपवायला निघालात की काय! कागद दाखवा म्हणता, तर त्या चित्रपटाचे कागद बघा.

ऑगस्ट १९४३, नीसचा व्हिक्तोरीन स्टुडिओ. १८३० च्या आसपासचा नाटकगृहांचा अख्खा रस्ता उभारलेला. सेटची कल्पना अलेक्झांडर ट्रॉनेरची, संगीतात जोसेफ कोस्मा. दोघेही हंगेरियन ज्यू, म्हणजे ओळखपत्र अशक्य. ते डोंगरातल्या गावी पटकथाकार प्रेव्हेरच्या आसऱ्याने लपून काम करायचे आणि सही दुसऱ्याची: सेटवर लेआँ बार्साक, संगीतावर मोरिस तिरिए. ट्रॉनेरने आराखडा कागदावर द्यायचा, बार्साकने तो सुतारांकडून करून घ्यायचा, काही चुकलं तर निरोप परत डोंगरात. युद्धानंतरच्या श्रेयनामावलीत 'भूमिगत राहून केलेलं सहकार्य' अशी नोंद आहे, ती याचीच.

मग विघ्नं. पैशात इटालियन भागीदार होते. इटलीने शरणागती पत्करली आणि काम बंद. निर्माता पोलव्हे याच्या वंशावळीवरून त्याला बाजूला काढलं, पाथे कंपनीने ताबा घेतला. तोवर वादळाने सेटची वाट लावलेली, तो पुन्हा डागडुजी करून उभा केला. लांबीचीही अडचण: व्हिशीच्या नियमाने चित्रपट दीड तासापेक्षा मोठा नको. म्हणून तीन तासांच्या वरची गोष्ट कागदावर दोन चित्रपट म्हणून दाखवली. आजही ती दोन 'पर्वां'त आहे.

आणि शेवटचा फटका. भंगारवाल्या जेरिकोच्या भूमिकेत रोबेर ल व्हिगाँ होता, उघड नाझी समर्थक. दोस्त फौजा जवळ येताच तो जर्मनीला पळाला. मग त्याची दृश्यं पिएर रन्वारला घेऊन पुन्हा केली. चित्रपट ९ मार्च १९४५ ला मुक्त पॅरिसमध्ये लागला, तेव्हा नायिका आर्लेटी जर्मन अधिकाऱ्याशी असलेल्या संबंधांपायी नजरकैदेत. एकाच सेटवर लपलेला ज्यू, फरार फॅसिस्ट आणि जर्मनाची प्रेयसी. कर म्हणावं वाटणी.

पोहे_आणि_पटकथा
दोन तिकिटांचे पैसे घेण्यासाठी चित्रपट दोन भागांत तोडायची कल्पना आपल्या निर्मात्यांना व्हिशीकडून मिळाली तर!

छायाप्रकाश
अवांतर: तेव्हा आपल्याकडेही फुटांचा हिशोब होता. कच्ची फिल्म बाहेरून यायची, जहाजं युद्धात. त्यामुळे सरकारने कथापटाला ११,००० फूट आणि जाहिरातपटाला ४०० फुटांची मर्यादा घातली. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे जेमतेम दोन तास. त्याआधीचे आपले चित्रपट आठवा, त्यात पाच गाणी कुठे बसवायची! पुढे १९४३ मध्ये फिल्मला परवानाच लागायला लागला. शिवाय प्रत्येक खेळाला सरकारमान्य माहितीपट-वार्तापट दाखवणं सक्तीचं.

शंकासुर
मग शांताराम युद्धकाळात सरकारच्या फिल्म अॅडव्हायजरी बोर्डाचे मुख्य निर्माते झाले, ते आपले शेव्हालिए म्हणायचे का? 😈

सुधीर_मुखवटे
काडी टाकलीच. तुलना अर्धीच लागू. इथला सत्ताधारी दीडशे वर्षं बसलेला होता आणि युद्ध फॅसिस्टांविरुद्ध होतं, त्यामुळे इंग्रजांना मदत आणि हिटलरला विरोध एकाच पिशवीत आले. बऱ्याच डाव्यांची त्यावरूनच ओढाताण झाली. पळवाट बघायची असेल तर 'किस्मत' बघा, १९४३. 'दूर हटो ऐ दुनियावालों' मध्ये जर्मन आणि जपानी अशी नावं घातली, सेन्सॉर खूश, आणि थिएटरात लोकांनी काय ऐकायचं ते ऐकलं. सार्त्रचा ग्रीक वेष, खाडिलकरांचा कीचक आणि हे गाणं, तिघांचा शिंपी एकच.

गोदूताई
मूळ प्रश्न निवाड्यांचा होता. मुक्तीनंतर शिक्षा कुणाला काय झाली हे एकत्र कुणी देईल का?

अवलिया_४२०
एकत्र देण्यासारखी सुसंगती त्यात नाही, हीच गोष्ट आहे. नट-नाटककार साशा गित्रीला २३ ऑगस्ट १९४४ ला घरातून रात्रीच्या कपड्यांत उचललं, दोन महिने आत, १९४७ मध्ये खटला निकालात निघाला, आरोप सिद्ध नाही. ल व्हिगाँला १९४६ मध्ये दहा वर्षं सक्तमजुरी. ऑपेराच्या नर्तक सर्ज लिफारला आधी कायमची बंदी, मग ती वर्षावर आली. दिग्दर्शक क्लूझोने कॉन्टिनेंटलसाठी केलेला चित्रपट 'ल कॉर्बो' तर निनावी पत्रांनी पोखरलेल्या गावाबद्दल, म्हणजे चुगलखोरीच्याच विरोधात. तरी प्रतिकारवाल्यांनी 'फ्रेंचांची बदनामी' म्हणून झोडपला. क्लूझोवर आयुष्यभराची बंदी, पुढे ती दोन वर्षांवर, १९४७ मध्ये परत कामाला. नायक पिएर फ्रेने काही आठवडे तुरुंगात. आणि पैसेवाली कॉन्टिनेंटल? तिची जप्त मालमत्ता सरकारजमा होऊन युजेसी या सिनेमागृहांच्या साखळीच्या पायाभरणीत गेली. आजही पॅरिसमध्ये त्या नावाच्या पाट्या दिसतात.

ज्यांची मुळीच नोंद होत नाही असा एक: नट हारी बोर. बर्लिनमध्ये जर्मन चित्रपट करून आला, म्हणजे यादीप्रमाणे 'गेला होता'. मग तो ज्यू असल्याची चुगली झाली, गेस्टापोने १९४२ मध्ये पकडून छळ केला, एप्रिल १९४३ मध्ये वारला. तो कुठल्या बाजूचा?

शंकासुर
हारी बोरचं माहीत होतं, तरी पर्याय होता हे म्हणणं मागे घेत नाही. एवढं मान्य की तो सगळ्यांना सारख्या किमतीत मिळत नव्हता.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा पुष्कळ मिळालं. एक राहिलं. फलाटावरचा तो तुकडा, मार्च १९४२, नटी दानियेल दारिए वगैरे मंडळी बर्लिनला निघालेली. प्रत्येक माहितीपटात आहे. त्यात काय बघायचं?

रिळेश्वर
दौरा कॉन्टिनेंटलचा, दारिएच्या चित्रपटाचा बर्लिनमध्ये खेळ होता. दारिएचं नंतरचं स्पष्टीकरण असं की तिचा होणारा नवरा रुबिरोसा हा डोमिनिकन वकिलातीतला, जर्मनीत स्थानबद्ध होता, त्याला भेटायला मिळेल म्हणून ती गेली. आता फीत बघा. फुलं, फरचे कोट, हसू. चित्रण वार्तापटासाठी मांडलेलं आहे: माणसं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी केलीत, मागे डबा नीट दिसेल असा. अशा वेळी कडेला बघावं. कुणाचा हात कुणाच्या कोपरावर आहे, कोण सूचना देतंय, कुणाकडे बघून हसतायत. हे तुकडे पूर्ण लांबीचे मिळाले तर अजून चांगलं. वार्तापटांचा साठा फ्रान्समध्ये इना या संस्थेकडे आहे, जर्मन बाजूचा बुंडेसआर्काइव्हकडे. माहितीपटात आठ सेकंद येतात, मूळ पट्टी त्याहून मोठी असते, आणि कापलेला भाग बहुतेक वेळा कॅमेरा सुरू व्हायच्या आणि बंद व्हायच्या टोकाचा असतो. तिथे लोकांचं हसू आलेलं नसतं किंवा उतरलेलं असतं.

बुकिंग_खिडकी
आणि तो तुकडा आवाज बंद करून बघा. अकॉर्डियन आपोआप जातं.